सदरची लाकडी भट्टी, दोन अख्ख्या कोंबड्या आणि आमच्या घरचं थँक्सगिव्हिंग

नागपुरात घरी मोठा ओव्हन नसेल आणि अख्खी कोंबडी आतपर्यंत शिजलेली, वरून खरपूस अशी भाजून हवी असेल, तर सदरमधल्या लाकडी भट्टीच्या जुन्या बेकरीत जाऊन विचारा. आम्ही 30 नोव्हेंबरच्या रविवारी तिथून दोन कोंबड्या भाजून घेतल्या. शिवाय स्टफिंगचे (कांदा-लोणी घालून भाजलेल्या पावाच्या तुकड्यांचे) दोन ट्रे, दोन पंपकिन पाय (पारीत लाल भोपळ्याचं गोड सारण भरून भाजतात ते) आणि जेवणाचे लहान पाव. घरी अठरा माणसं जेवली. भाजणीला माझ्याकडून पाचपैकी पाच गुण. अंड्याच्या पंपकिन पायला चार. बिनअंड्याच्या पायला दोनच, त्याचं कारण पुढे सांगते.

बेकरीचं नाव लिहीत नाही, कारण मालकांनीच तसं सांगितलं. नवरा-बायको आणि एक कारागीर, एवढीच माणसं तिथे काम करतात. डिसेंबर लागला की नाताळाच्या ऑर्डरी सुरू होतात, मोहननगरपासून पार कामठीपर्यंतचे लोक केक भाजायला येतात. "ताई, चांगलं लिहा, पण नाव नका टाकू जी. एवढं काम झेपत नाही आता," असं मालक, म्हणजे भाऊ, म्हणाले. सदरमध्ये जुन्या माणसांना लाकडाच्या भट्टीची बेकरी विचारलीत तर ते बोट दाखवतील. पाटी लहान आहे, दुकान त्याहून लहान, आणि खरं काम मागच्या बाजूला चालतं.

माझ्या वयाच्या बायकांना अशी बेकरी नवीन नाही. दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून आम्ही आईबरोबर बेकरीत जायचो आणि नानकटाई, बिस्किटं भाजून पत्र्याच्या डब्यातून घरी आणायचो. आपलं सामान आपण न्यायचं, भाजणीचे पैसे द्यायचे. ही पद्धत या बेकरीत अजून चालू आहे, म्हणूनच मला तिथे जायचं सुचलं.

आता अख्खी कोंबडी कशासाठी, ते सांगते. माझी सून अमेरिकेतली, मिनेसोटा राज्यातली. मुलाला मिहानमधल्या कंपनीत काम मिळालं तेव्हा तीही इकडे आली. तिच्या राज्यात टर्की पाळण्याचा धंदा फार मोठा, अख्ख्या अमेरिकेत सर्वांत जास्त टर्की तिथेच तयार होतात. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे त्यांच्याकडे थँक्सगिव्हिंग, कृतज्ञतेचा सण, आणि त्या दिवशी अख्खा टर्की, म्हणजे कोंबडीसारखाच पण खूप मोठा पक्षी, भाजतात. आपल्याकडे दिवाळीला जसा घराकडे ओढा असतो तसा त्यांचा त्या दिवशी असतो. घरापासून इतक्या दूर हा सण तिने पहिल्यांदाच काढला. तिला तो साजरा करायचा होता, आणि त्याला एक ठोस कारण होतं.

नवरात्रात तिला डेंग्यू झाला. ताप उतरला आणि प्लेटलेट्स घसरायला लागल्या. एका सकाळी रिपोर्ट आला तो वीस हजारांच्या खालचा. हिरड्यांतून रक्त येत होतं. डॉक्टरांनी प्लेटलेट्स चढवायचं ठरवलं आणि तिच्या रक्तगटाचा दाता आणायला सांगितलं. एकाच दात्याकडून मशीनवर प्लेटलेट्स काढतात, त्याला एसडीपी म्हणतात. दात्याला तासाहून जास्त वेळ एका जागी बसावं लागतं. मुलाच्या ऑफिसातला एक मित्र गरब्याहून थेट आला, आरशांचा केडिया अंगावर तसाच. रक्तपेढीत बसलेली माणसं त्याच्याकडे बघत होती आणि तो शांतपणे हात पसरून बसला होता. दुसऱ्या दिवशी गरज लागली तर राहावं म्हणून आणखी एक मित्र नाव देऊन तिथेच थांबला.

आमच्या शेजारच्या काकू रोज सकाळी सातला नारळपाणी आणि मुगाचं पातळ वरण घेऊन दारात हजर. माझी मोठी जाऊ घटाला बसलेली, उपास चालू, तरी दुपारी दवाखान्यात येऊन सुनेजवळ बसायची आणि मला घरी झोपायला पाठवायची. भाचा रोज रिपोर्ट आणायचा. आमच्याकडे कामाला येणारी ताई त्या दिवसांत दोन्ही वेळा आली आणि जास्तीचे पैसे घ्यायला तयारच झाली नाही. पोरीची आई तिकडे हजारो मैलांवर, फोनवर रडत होती. इथे मात्र तिच्या उशाशी कुणी नाही असा एक तास गेला नाही.

दिवाळी झाली, अंगात ताकद आली, तेव्हा सून म्हणाली, "आई, मला या सगळ्यांना जेवायला बोलवायचं आहे. माझ्या सणाला. आणि स्वयंपाक मी करणार."

यंदा चौथा गुरुवार 27 नोव्हेंबरला आला आणि तोच मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. आमच्या घरी महालक्ष्मीचा घट मांडतात, त्या दिवशी कांदा-लसूणसुद्धा नाही. मी काही बोलायच्या आधीच सुनेने तोडगा काढला. गुरुवारी ती माझ्याबरोबर पूजेला बसली, पाच प्रकारची पानं तिनेच बाजारातून आणली. जेवण रविवारी ठेवलं. अमेरिकेतही मित्रमंडळींचं थँक्सगिव्हिंग लोक अलीकडच्या-पलीकडच्या दिवशी करतातच, असं तिने सांगितलं.

टर्कीचा हट्ट तिने धरला नाही. तिकडचा टर्की सहा-सात किलोंचा, इथे त्याऐवजी दोन दोन किलोंच्या दोन कोंबड्या घ्यायच्या असं ठरलं. पण आमच्या घरच्या ओटीजीत, म्हणजे विजेच्या लहान ओव्हनमध्ये, दीड किलोची कोंबडीसुद्धा वरच्या कॉइलला टेकते. म्हणून बेकरी.

पहिल्यांदा गेलो तेव्हा दुपारची वेळ होती, सकाळचा पाव विकून झाला होता. त्याआधी मी दोन ठिकाणी फोन केले होते. एकीकडून सांगितलं की पिझ्झाच्या ओव्हनमध्ये कोंबडी घालत नाही. दुसरीकडे तंदूरमध्ये लावून देतो म्हणाले, लाल मसाला चोपडून. सदरच्या भाऊंनी आधी आम्हालाच खुर्च्या दिल्या आणि विचारायला सुरुवात केली. कोंबडी किती किलोची? चामडीसकट की सोललेली? पोटात काही भरणार का? मीठ आधी मुरवणार की वरून लावणार? किती वाजता जेवायला बसता, आणि इथून घरी पोचायला किती वेळ? पाहुण्यांत न खाणारे किती?

शेवटचा प्रश्न त्यांच्या बायकोचा होता. त्या पुढे म्हणाल्या, "मार्गशीर्ष आहे ना ताई. गुरुवार धरणारे पुष्कळ जण महिनाभर अंडंही खात नाहीत. तुमच्याकडे कुणी असेल तर त्यांचा पंपकिन पाय मी आधी भाजून घेईन, कोंबडी आत जायच्या आधी. ट्रे पण वेगळा." त्यांच्या गळ्यात क्रॉस होता आणि माझ्या घरच्या व्रताचा विचार त्यांनी माझ्याआधी केला होता. तिथेच माझं मन बसलं. पुढच्या सगळ्या कामात हीच गोष्ट दिसत राहिली: दुसऱ्याचा सण आहे, आपल्याला त्याचं काय, असं त्या दुकानात कुणाच्या वागण्यात एकदाही आलं नाही.

सुनेने त्यांना सणाची गोष्ट सांगितली, मी मधे मधे मराठी केलं. 1621 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ इथे इंग्लंडहून आलेल्या वसाहतवाल्यांच्या हाती पहिलं पीक आलं. तीन दिवस जेवणं झाली. तिथल्या मूळच्या वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासोइट सुमारे नव्वद माणसं घेऊन आला आणि त्यांनी पाच हरणं आणली. रानातली पाखरं मारून आणली असं त्या वेळच्या पत्रात लिहिलं आहे, टर्कीचं नाव त्यात नाही. पंपकिन पाय तर नव्हताच, कारण गव्हाचं पीठही नव्हतं आणि भट्टीही नव्हती. "भट्टी नव्हती?" भाऊ हळहळले. मग सारा जोसेफा हेल या संपादक बाईंची हकीकत निघाली. सगळ्या देशाने एकाच दिवशी हा सण करावा म्हणून त्या वर्षानुवर्षं लिहीत राहिल्या, राष्ट्राध्यक्षांना पत्रं धाडत राहिल्या. शेवटी 1863 मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, अब्राहम लिंकन यांनी तो जाहीर केला. चौथा गुरुवार कायद्याने पक्का झाला तो 1941 मध्ये. बेकरीवाल्या वहिनींना हेलबाई फार आवडल्या. "एका बाईच्या चिकाटीवर सुट्टी मिळाली म्हणा की," त्या म्हणाल्या.

आता कामाचं. कोंबडी तुम्हालाच आणून द्यावी लागते. आपल्याकडे चिकन सेंटरवाले सवयीने सोलूनच देतात, म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवा: चामडीसकट, पिसं नीट उपटून, अख्खी. चामडी नसेल तर भट्टीत छाती कोरडी पडते. सुनेने शनिवारी रात्री मिठाच्या पाण्यात मुरवत ठेवली. लिटरमागे साधारण साठ ग्रॅम मीठ, थोडा गूळ, तमालपत्र, मिरे आणि संत्र्याची साल. सकाळी पाण्यातून काढून, पुसून, चार तास फ्रिजमध्ये उघडीच ठेवली, म्हणजे चामडी कोरडी होते आणि कुरकुरीत भाजते. मग लोण्यात लसूण आणि वाळलेला सेज (एक सुगंधी पाला) कालवून चामडीच्या आत हाताने सारवलं. सेज ती घरून आणते, त्याचा वास उग्र असतो आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे त्याशिवाय हा सण होतच नाही.

पोटात स्टफिंग भरू नका, असं भाऊंनी बजावलं. भरलं की आतपर्यंत उष्णता पोचायला फार वेळ लागतो आणि तोवर बाहेरचं मांस वाळतं. त्यांनी आदल्या दिवशीचा पाव चौकोनी कापून, भट्टीच्या तोंडाशी वाळवून तयार ठेवला होता. त्यात कांदा, सेलेरी, लोणी, सेज आणि रस्सा घालून दोन ट्रे झाले, एक चिकनच्या रश्शातला, एक भाज्यांच्या. माझ्या मते त्या दिवसाचा सर्वांत चविष्ट पदार्थ हाच. वरचा थर कडक, खालचा मऊ. शिळ्या पावाचं इतकं चांगलं काही होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं. भाचा तर दोन्ही ट्रेच्या कडा खरवडत होता.

भट्टीचं गणित मी उभी राहून पाहिलं. पहाटे लाकडं पेटवून भट्टी तापवतात, निखारे काढून तळ पुसून घेतात आणि पहिल्या, सर्वांत कडक आचेवर पाव लावतात. मग आच उतरत जाते. खारी, टोस्ट, केक त्या उतरत्या क्रमाने. आमचे पंपकिन पाय दुपारी लागले, मग भाऊंनी थोडं लाकूड पुन्हा घालून भट्टी धरली आणि साडेतीनला कोंबड्या आत गेल्या. आकडा दाखवणारं काही नाही. भाऊ मूठभर मैदा तळावर फेकतात आणि तो किती वेळात तपकिरी होतो ते बघतात. अर्ध्या तासाने त्यांनी लांब दांड्याच्या फळीने ट्रे ओढला, तोंड फिरवलं, छातीवर फॉइल घातली, तंगड्या उघड्या ठेवल्या. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा.

आम्हाला पाचला न्यायचं होतं. पाचला कोंबड्या बाहेरून इतक्या सुंदर दिसत होत्या की मी पिशवी उघडली. सुनेने आपला थर्मामीटर मांडीत, हाडाजवळ खुपसला. अडुसष्ट अंश. चौऱ्याहत्तर लागतात. पाहुणे सातला येणार होते, प्रतापनगरपर्यंत रविवारची गर्दी, मी घाईला आले होते. दुसऱ्या कुणी झाकून हाती दिली असती. भाऊंनी मान हलवली. "अजून शिजून राहिली ताई. घाई कशाला करता? थोडं थांबा, कच्ची नाही नेऊ देणार." आणि ट्रे परत आत. साधारण चाळीस मिनिटं उशीर झाला. त्या वेळात त्यांनी आम्हाला चहा आणि खारी दिली, आणि सुनेला फळी हातात देऊन भट्टीच्या आत बघू दिलं. उशिराचा एकही गुण मी कापणार नाही. बाहेर आल्यावर झाकून वीस मिनिटं तशीच ठेवायची, लगेच कापली की रस वाहून जातो. आमची ती वीस मिनिटं गाडीत गेली. घरी मांडी ओढली तर हाडापासून अलगद सुटली, छातीतून रस येत होता, आणि लाकडाच्या धुराचा हलका वास. ट्रेमध्ये उतरलेला रस भाऊंनी डब्यात भरून वेगळा दिला होता, त्याची ग्रेव्ही झाली.

आता पंपकिन पाय. इथे मला थोडी तक्रार आहे. आपलं लाल कोहळं, म्हणजे लाल भोपळा, अमेरिकन डब्यातल्या गरापेक्षा पाणीदार. वहिनींनी ते भट्टीत भाजलं, गर काढला आणि फडक्यात बांधून रात्रभर टांगला, श्रीखंडाच्या चक्क्यासारखा. दालचिनी, सुंठ, लवंग, जायफळ, अंडी, साय. अंड्याचा पाय छान जमला, सुरीने कापला तर काप उभा राहिला. एक गुण कापला तो खालच्या पारीसाठी. ती मधोमध ओलसर राहिली. तुम्ही सांगाल तेव्हा पारी आधी नुसती भाजून मग सारण ओता असं सांगा. पारीत लोणी वापरा हेही सांगावं लागतं, एरवी मार्गारीन घालतात. बिनअंड्याच्या पायात कंडेन्स्ड मिल्क आणि कॉर्नफ्लोअर घातलं होतं. तो बसलाच नाही, वाटीतून चमच्याने खावा लागला, आणि फार गोड. चव मात्र वाईट नव्हती. माझी जाऊ म्हणाली, कोहळ्याच्या बोंडाचंच सारण आहे हे, तळायचं राहिलंय. तिने दोन वाट्या खाल्ल्या.

बाकीचं घरी केलं. वाळलेल्या क्रॅनबेरी बाजारात मिळतात, त्या संत्र्याच्या रसात शिजवल्या. नोव्हेंबर म्हणजे आंबिया बहाराची संत्री भरात, ठेल्याठेल्यांवर रास. सुनेचं म्हणणं की तिच्या आईच्या सॉसपेक्षा हा सॉस चांगला झाला, कारण तिकडे संत्र्याची साल इतकी वासाची नसते. रताळी भाऊंनी भट्टीच्या तोंडाशी भाजून दिली, त्याचे पैसे घेतले नाहीत. तिकडे त्यावर मार्शमेलो घालतात. त्यात जिलेटिन असतं म्हणून तिने ते बाद केलं आणि लोणी-गूळ घातला.

जेवायला बसायच्या आधी सून उभी राहिली. त्यांच्याकडे ताटावर बसल्यावर प्रत्येक जण आपण कशासाठी कृतज्ञ आहोत ते सांगतो. आपल्याकडे घरच्या माणसांसमोर असं बोलायला कुणालाच जमत नाही, सगळे ताटाकडे बघत बसतात. तिने आम्हाला बोलायला लावलंच नाही. ती एकटीच बोलली, मराठीत, कागद न बघता. एकेकाकडे वळून त्याने काय केलं तेवढंच सांगितलं. "काकू, तुम्ही रोज सात वाजता आल्या. मी झोपले होते तेव्हा डबा ठेवून गेल्या, बेल नाही वाजवली." "मोठी आई, तुमचा उपास होता आणि तुम्ही माझे केस विंचरले." गरब्याच्या कपड्यात आलेल्या त्या मुलाला म्हणाली, "तुझ्या प्लेटलेट्स आहेत माझ्यात. मला गरबा येत नाही, पण पुढच्या वर्षी मी येते." कामाच्या ताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. तिने त्यांना हाताला धरून आणलं, आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि त्यांचं पान आधी वाढलं.

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. माझ्या दिरांना भावना दाखवायची सवय नाही, ते उगाच पाण्याचे ग्लास भरत होते. मला तिच्या बोलण्यातला तपशील लागला. इतक्या तापात पडलेल्या पोरीने कोण किती वाजता आलं, काय आणलं, कसं ठेवलं हे सगळं बघून ठेवलं होतं. मी घरचीच माणूस आणि केस विंचरल्याचं मला माहीतही नव्हतं.

साडेसातला, म्हणजे त्यांच्या सकाळी आठला, मिनेसोटाला व्हिडिओ लावला. विहीणबाईंनी ज्यांची नावं ऐकली होती त्या प्रत्येकाला स्क्रीनजवळ बोलावून पाहिलं. गरब्यावाल्या मुलाला त्या काही तरी बोलायला गेल्या आणि बोलता आलं नाही. त्यानेच इंग्रजीत सांगितलं, आंटी, ती आता बरी आहे, हे बघा कसा पाय खाऊन राहिली.

भाच्याने जेवताना विचारलं की त्या वाम्पानोआग लोकांचं पुढे काय झालं. सुनेने लपवलं नाही. जमिनी गेल्या, रोगांनी आणि लढायांनी माणसं गेली, आणि 1970 पासून प्लिमथमध्ये त्याच गुरुवारी मूळ रहिवासी शोकदिन पाळतात. तिची शाळेतली बाई हे दरवर्षी सांगायची म्हणे. मला हे आवडलं. सण करायचा आणि त्यामागचं सगळं पोरांना सांगायचं.

बेकरीतल्या तिघांनाही तिने जेवायला बोलावलं होतं. रविवारी संध्याकाळी त्यांना पहाटेच्या पावाचं पीठ मळायचं असतं, म्हणून येता आलं नाही. सोमवारी ट्रे परत करायला आम्ही डबे घेऊनच गेलो. तिने भाऊंना सांगितलं, तुम्ही ट्रे परत आत घातला म्हणून माझ्या पाहुण्यांना चांगलं मिळालं. कारागीर पोरगं वीस-बावीस वर्षांचं, छिंदवाड्याकडचं. आपण केलेल्या स्टफिंगचं सगळ्यांनी कौतुक केलं हे ऐकून त्याचा चेहरा असा फुलला की बास.

जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. भाजणी कोंबडीमागे अडीचशे रुपये. स्टफिंगचा ट्रे तीनशे, त्यात पाव त्यांचा, बाकी सामान तुमचं. पंपकिन पाय साडेसहाशे, लोण्याची पारी सांगितली तर शंभर जास्त. ट्रेसाठी पाचशे ठेव घेतात, परत केला की लगेच देतात. रोख किंवा यूपीआय, बिल छापील मिळत नाही. फोन सहसा उचलत नाहीत, स्वतः जा, आणि दुपारी दोन ते चारमध्ये जा, तेव्हा बोलायला सवड असते. गल्लीत गाडी उभी करायला जागा नाही, दुचाकी बरी. कोंबडी रविवारी घेतात, कारण त्या दिवशी दुपारी केकचं काम कमी. किमान आठ दिवस आधी सांगा. मांसाचा थर्मामीटर ऑनलाइन मिळतो, तो घेऊन जा, भाऊंना त्याचा राग येत नाही, उलट त्यांनी आता स्वतःसाठी एक मागवला आहे.

एक सुधारणा त्यांना सांगितली आहे: शाकाहारी आणि मांसाहारी ट्रेवर काहीच खूण नाही, दोन्ही सारखे काळे. वहिनींनी आमचे ट्रे लक्षात ठेवले, पण गर्दीच्या दिवसांत नुसत्या लक्षावर राहू नये. रंगाची पट्टी मारतो म्हणाले.

नाताळाच्या आठवड्यात बाहेरचं काही भाजायला घेत नाहीत, त्यामुळे कोंबडी आता जानेवारीतच. बिनअंड्याच्या पायासाठी वहिनींनी चायना ग्रास आणून ठेवलं आहे आणि साखर निम्मी करणार आहेत. संक्रांतीनंतर माझ्या जावेसाठी एक सांगितला आहे. काप उभा राहिला तर दोनाचे चार गुण करीन.